बुलेटची टाकी वाचवणाऱ्या मिस्त्री भाऊंस

माननीय मिस्त्री भाऊ,

सप्रेम नमस्कार.

पावसाळाभर झाकून ठेवलेली माझी जुनी बुलेट दसऱ्याला पुन्हा रस्त्यावर आली, याचे श्रेय सर्वस्वी आपले आहे. ते चारचौघांत सांगावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपल्या सक्करदऱ्यातील दुकानाची वाट धरण्यापूर्वी मी एका मोठ्या, वातानुकूलित वर्कशॉपची पायरी चढलो होतो. 'पेट्रोल उगाच पडून कशाला ठेवता' असे म्हणत जूनमध्ये टाकी जवळजवळ रिकामी करून देणारी हीच मंडळी; गाडी सुरू होईना तेव्हा मात्र त्यांनी टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही बदलण्याचे अंदाजपत्रक माझ्या हाती ठेवले. झाकण उघडून आत डोकावण्याची तसदी कोणी घेतली नाही. कॉफी उत्तम होती, हे मान्य केले पाहिजे.

आपण टाकीच्या कॉकखाली, म्हणजे पेट्रोलच्या तोटीखाली, पाण्याची रिकामी बाटली धरून थोडे पेट्रोल काढले, मला नीट दिसावे म्हणून त्या बाटलीवरचे लेबल नखाने खरवडून काढले आणि 'पाहा नं भाऊ, थोडं थांबा' म्हणत ती माझ्या हातात दिली. थोड्या वेळाने वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ थर आणि त्यात बुडालेले तांबूस गंजाचे कण स्पष्ट दिसू लागले. कामाच्या गर्दीत लेबल खरवडत बसण्याची आपल्याला काहीच गरज नव्हती. मला मात्र सगळ्यात जास्त तेच लक्षात राहिले आहे.

आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढून घेते. ओलावा प्रमाणाबाहेर गेला की पाणी व इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि जड असल्याने तळाशी बसतात, हे त्या बाटलीमुळे मला एका दृष्टिक्षेपात उमगले. रिकाम्या टाकीत हवेला जागा अधिक, त्यामुळे पावसाळी दमट हवेत रात्री गार पडणाऱ्या पत्र्याला आतून पाणी सुटते आणि उघडा पत्रा गंजतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी टाकी भरावी, पण गळ्यापर्यंत नव्हे. तापमान 10 अंशांनी वाढले की पेट्रोल सुमारे 1 टक्का फुगते आणि आपल्या नागपूरचा मे महिना काही कोणाची गय करत नाही. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साचून चिकटा धरत नाही, हेही आपण बजावले.

गिऱ्हाइकाला कारण कळले की धंदा बसतो, अशी समजूत असलेल्या या काळात आपण आधी कारण दाखवले, मग पाना हाती घेतला, आणि साफसफाई व एका वॉशरपलीकडे पैसे घेतले नाहीत. नव्या टाकीचा विषयही आपण काढला नाही. सचोटी अजून शिल्लक आहे, असे म्हणायला मला आपल्यामुळे आधार मिळाला.

आमच्या शेजाऱ्यांची जुनी स्कूटर होळीनंतर उभीच राहणार आहे. ती झाकण्यापूर्वी त्यांना आपल्याकडे घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
बुलेटवाला गिऱ्हाईक