माजी विद्यार्थी गट : देणगीची आठवण

मंडळी, मुंबई विद्यापीठासाठी ज्यांची रक्कम भरायची राहिली आहे, त्यांना ही आठवण. ‘सरकारी विद्यापीठ, सरकार बघेल की’ असं दोघातिघांनी लिहिलंय. पण अनुदानाचा मोठा वाटा पगारातच जातो. जुन्या ग्रंथांची बांधणी, गरजू मुलांची फी मागे राहते. फोर्टातल्या ज्या वाचनालयात आपण पंख्याखालची खुर्ची पकडायला धावायचो, ते आणि राजाबाई टॉवर व्यापारी प्रेमचंद रायचंदांच्या ४ लाखांच्या देणगीतून उभं राहिलं. टॉवरला नाव त्यांच्या आईचं. दीक्षान्त सभागृहासाठी कावसजी जहांगीर यांनी १ लाख दिले. आपली ऐपत तेवढी नाही, माहितेय! पाचशेही चालतील. पैसे थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा, माझ्या जीपेवर नकोत. पावती मागून घ्या. नव्या करप्रणालीत मात्र देणगीवर आयकरातली वजावट मिळत नाही.