बोटीत बसण्याआधी वाच

गंगापूर रोड, नाशिक
श्रावणी सोमवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही.

इथे सकाळचे नऊ वाजलेत, म्हणजे तुमच्याकडे अजून रविवारची रात्र, साडेदहा. पेरूतल्या पुएर्तो माल्दोनादोच्या हॉटेलात झोपला असाल. तंबोपाता नदीला बोट लागली की पुढे नेटवर्क नाही असं तूच म्हणालीस, म्हणून आत्ताच लिहून पाठवते. "आई, तुला जिथे तिथे सापच दिसतात," म्हणून काल तू फोन ठेवलास. राग नाही आला. झोप मात्र आली नाही.

आज सापाचं काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. गंगेला पाणी आलंय. धरणातून सोडलंय, बाबा छत्री घेऊन दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलंय ते बघून आले. ब्रह्मगिरीची फेरी यंदाही करणार म्हणतात, गुडघ्याचं नावसुद्धा काढू देत नाहीत. पमाआत्याचा पट्टा अजून निघाला नाही. त्या कागदांवर दादाने सही केली एकदाची.

तू किती नीट तयारी करून गेलीस ते मला दिसतं गं. पिवळ्या तापाची लस वेळेत घेतलीत, मुंबईला जाऊन. दहा दिवस आधी घेतली नाही तर दाखला चालत नाही आणि परत आल्यावर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात, हे मी सांगायच्या आधी तूच मला सांगितलंस. फार बरं वाटलं. मग एवढंच विचारते, लॉजवर सापाचं इंजेक्शन आहे का?

तिकडे जेरगोन म्हणून साप आहे. घोणशीच्या कुळातला, त्याच्याही विषाने रक्त गोठत नाही. पण आपली एएसव्ही, म्हणजे इथलं सापाचं इंजेक्शन, त्याला चालत नाही, मनू. ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवरची. नोकरीभर ज्या बाटल्या मी कपाटात मोजून ठेवल्या, ड्यूटी संपताना दोनदा बघितल्या, त्या तुझ्या काही कामाच्या नाहीत. पेरूचं औषध वेगळं, त्यांची सरकारी संस्था बनवते. ते लॉजवर आहे का, नसेल तर कुठल्या दवाखान्यात आणि बोटीने किती तास, पोचल्या पोचल्या विचार. यात लाजण्यासारखं काही नाही.

पेठच्या क्वार्टरमधले पावसाळे आठवतात तुला? आवणीचे दिवस, चिखलातून उचलून आणलेला माणूस, लाइट गेलेली. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं हलवायचं नाही. तू गृहपाठ सोडून घड्याळापाशी उभी राहायचीस. "झाली, आई." मग मी नळी तिरकी करायचे. रक्त जागचं हललं नाही तर हायसं वाटायचं. वाहिलं की सलाइन लावा, बाटल्या काढा. मण्यारीचं आणखी वाईट. खाली झोपलेल्याला रात्री चावते, दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून आणतात, तेव्हा पापण्या उतरायला लागलेल्या असतात. त्या दिवसांत तू अभ्यास करता करता पेंगलीस तरी मी तुझी हनुवटी उचलून "वर बघ" म्हणायचे. तू चिडायचीस. काल बोलताना तू जांभई दिलीस, तेव्हा तेच तोंडात आलं होतं.

गमबूट लॉजवाले देतात ना? घालायच्या आधी उलटे करून आपटायचे. खोलीला एक भिंतच नाही म्हणतेस, तर मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा. रात्रीच्या फेरीत वाटाड्याच्या पुढे जायचं नाही, टॉर्च पायाशी. पडलेलं लाकूड ओलांडताना आधी पलीकडे बघायचं. आणि काही झालंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलवायचा नाही, सरळ बोट काढायला लावायची. जावईबापूंना हे वाचून दाखव. ते ऐकतील.

पुन्हा सुरू झाले बघ मी. माफ कर. तुमच्या आनंदात विरजण घालायचं नाही मला.

त्या मकाव पोपटांचं मात्र परत नीट सांग. पहाटे शेकड्यांनी येऊन दरडीची माती खातात, कारण समुद्रापासून इतक्या लांब झाडपाल्यात मीठच नसतं, हे मला फार आवडलं. अण्णांच्या गोठ्यातली गुरं भिंत चाटायची तसंच ते. मलाही एकदा तिथे उभं राहून बघावंसं वाटलं, खरंच. स्वेटर बॅगेत वरच ठेव. या महिन्यांत दक्षिणेकडून गार वारं शिरलं की त्या जंगलातही चांगलीच थंडी पडते म्हणे.

पेठला माझी बदली झाली तेव्हा तुझी आजी दोन दिवस जेवली नव्हती. रानात मुलीला एकटी कशी पाठवायची, म्हणून. तुला काखेत घेऊन, एका ट्रंकेसकट मी एसटीत बसले. तिला मागे वळून सांगितलंसुद्धा, काही होत नाही म्हणून. तू माझ्यावरच गेलीस, हे मी सगळ्यांना सांगते. आजीला तेव्हा काय वाटलं असेल ते मात्र काल रात्री कळलं.

बोटीत बसण्याआधी "निघालो" एवढा निरोप टाक. फोन नाही केलास तरी चालेल.

तुझी,
आई

ता. क. इंजेक्शनचं विचारलंस की हो किंवा नाही एवढंच कळव. तुमची परतीची बोट येईपर्यंत कळलं नाही तरी मी बाबांना काही बोलणार नाही. पण विचार.