नंबर प्लेटवरचा 'दादा' कोण?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

सिग्नलला उभं राहिलं की पुढच्या गाडीची नंबर प्लेट वाचायची ही आमची घरातली जुनी सवय. ८०५५ म्हणजे बॉस, ८ चा बी, शून्याचा ओ आणि दोन पाचांचे दोन एस. ४१४१ चं दादा होतं आणि २१४ चं राम, इंग्रजी २ ला जरा वळण दिलं की र, १ चा काना, ४ चा म. माझी लेक आता माझ्याआधी ओळखते. साधे पसंतीचे नंबर असले तर आम्ही अंदाज लावतो, कोणाची जन्मतारीख असेल, लग्नाची असेल, त्यात खरंच मजा येते.

पण गेल्या महिन्यात माझ्या आईला एका बाईकने धक्का दिला आणि पोरगा न थांबता गेला, आईचं मनगट फ्रॅक्चर झालं. नंबर काय होता विचारलं तर आई म्हणाली, "दादा लिहिलं होतं गं." सिरीजची, म्हणजे आकड्यांच्या आधीची, अक्षरं एवढी बारीक की तिला दिसलीच नाहीत, आणि ४१४१ तर प्रत्येक सिरीजमध्ये असतो, मग शोधायचं कुठून?

पसंतीचा नंबर आरटीओत फी भरून रीतसर मिळतो, तो जरूर घ्या, पण आकडे आकड्यासारखेच लिहा ना. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट, म्हणजे सरकारने ठरवलेल्या एकाच नमुन्याची नंबर प्लेट येते, ती काढून कलाकुसरीची लावणाऱ्यांवर आणि ती बनवून देणाऱ्या दुकानांवरही कारवाई व्हावी ही कळकळीची विनंती.

- एक वाचक, पुणे