डबा चालू झाला

कराड, रविवार

चि. अनूस अनेक आशीर्वाद.

डबा चालू झाला, म्हणजे तू टीव्हीमागे बसवलेला तो छोटा कॉम्प्युटर. एवढंच सांगायला हे पत्र, दुसरं काही नाही. परवा फोनवर तू म्हणालीस ना, "बाबा, तुम्हाला माझ्या खोकल्याशिवाय दुसरं काही बोलायचंच नाही का?" म्हणून ठरवलं, या वेळी फक्त डब्याचं लिहायचं. फोनवर सांगायला जावं तर तू नुसतं "हो हो" करतेस आणि मागे तुझी भांडी घासणं चालू.

गणपतीनंतर जाताना तू तो डबा, म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा बोर्ड, टीव्हीच्या पाठीमागे चिकटवून, माझ्या जुन्या मोबाइलच्या चार्जरवर चालू करून गेलीस. तू विमानात बसेपर्यंत ठीक होतं. मग पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायला लागली. आईला वाटलं पावसाचा इशारा आहे, तिने गच्चीवरचे पापड काढले. मी मीटर काढला. बोर्डावरच्या दोन आणि सहा नंबरच्या पिनांवर लावला, तर हार्डडिस्क फिरायला लागली रे लागली की काटा साडेचारकडे. पाच व्होल्टच्या जागी ४.६३ च्या खाली गेलं की तो बोर्ड ती वीज दाखवतो, हे मागाहून वाचलं. दुखणं मात्र मी वाचायच्या आधीच ओळखलं होतं. लाइन लांब आणि तार बारीक असली की शेवटच्या घरातला दिवा मिणमिणतोच, तसली ती चार्जरची सुतळीसारखी वायर. इंजिनिअर पोरीला हे सांगावं लागावं याचं थोडं वाईट वाटलं आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटलं.

तर आता ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा त्याचाच अडॅप्टर आणलाय, जाड वायरीचा. हार्डडिस्कला स्वतःची वीज असलेला हब घेतला, कारण त्या बोर्डाचे चारही यूएसबी मिळून जेमतेम १.२ अँपिअर देतात आणि डिस्क सुरू होतानाच त्यातलं बहुतेक खाऊन टाकते. ती टकटक आवाज करायची तो त्याचाच. मेमरी कार्डावर लिब्रेइलेक, म्हणजे कोडी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने टाकलं, तू लिहून ठेवलेल्या कागदावरून. तुझं अक्षर अजून डॉक्टरी आहे.

टीव्हीच्याच रिमोटवर कोडी चालतं हे तू म्हणाली होतीस ते चालत नव्हतं. दोन्ही एचडीएमआय दिसायला सारखे, पण रास्पबेरी पायच्या चार नंबरच्या मॉडेलमध्ये ते काम अडॅप्टरच्या शेजारचाच सॉकेट करतो. वायर तिकडे लावली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते सीईसी, म्हणजे रिमोटचा हुकूम डब्यापर्यंत पोचवणारं, चालू केलं, आणि आईने बाणाचं बटण दाबलं तर यादी सरकली. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू हे मीच शोधून काढलंय. मी काही बोललो नाही.

मोठं संकट म्हणजे आई. रात्री झोपताना टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद करायचं, हे व्रत ती लग्नापासून पाळते. पण हा डबा म्हणजे कॉम्प्युटर, त्याला आधी रिमोटवरून नीट झोपवावं लागतं. कार्डावर काही लिहिणं चालू असताना वीज खेचली की कार्ड बिघडतं. बिघडलंच. आता त्या बटणावर चिकटपट्टी लावलीय आणि डबा इन्व्हर्टरवर घेतलाय. पट्टी रोज सकाळी थोडी उचललेली दिसते.

आणि हसू नकोस, पण आमच्या लग्नाच्या फायलीला कोडीने आपण होऊन कुठल्याशा परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटवलं. पिस्तूल घेतलेला टकला माणूस आणि खाली आमचं लग्न. फोल्डरला "सिनेमा" असं सांगितलं की तो नाव बघून इंटरनेटवर जुळणी करतो, हे कळल्यावर घरच्या चित्रीकरणाचं ते बंद केलं. नंदूकाकाला मात्र पोस्टर असतानाच दाखवलं.

तुला एक सांगायचं राहिलं. बोर्डाच्या मागे बारीक अक्षरात "मेड इन यूके" आहे. शोधलं तर हे बोर्ड वेल्समध्ये पेनकोडला सोनीच्या कारखान्यात बनतात. नकाशात बघितलं, तुझ्या कार्डिफपासून अगदी जवळ. म्हणजे तिथून निघून तो इथे टीव्हीमागे आला, आणि तू तिकडे. तिथल्या पावसातून आला तरी त्याला ओल लागलेली नाही, चांगल्या पाकिटात होता.

आता ओलीवरून निघालंच आहे म्हणून. व्हिडिओवर तुझ्या पाठीमागे, कपाटाच्या वर, भिंतीचा कोपरा काळा दिसतो. तू म्हणतेस सावली आहे. अनू, सावली रोज त्याच जागी आणि दर रविवारी थोडी मोठी नसते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढ, मागे वारा खेळू दे. ओले कपडे खोलीत हीटरवर वाळत घालू नकोस, ते सगळं पाणी भिंतच पिते. अंघोळीनंतर खिडकी उघड, थंडी वाजली तरी. घरमालकाला तोंडी सांगू नकोस, फोटोसकट ईमेल कर, म्हणजे तारीख राहते.

झालं, सुरू केलं मी. लिहिणार नव्हतो. माफ कर. तू चोवीस वर्षांची आहेस, पुण्यात एकटी राहिलीस, पॅकिंगसुद्धा मला हात लावू न देता केलंस. मला सगळं कळतं.

डब्याकडे येतो. तुझ्या बारशाची कॅसेट सापडली. माळ्यावर, पोफळीहून आणलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत. पण रिळाच्या कडेला पांढरी बुरशी. इथल्या स्टुडिओवाल्याने हातात घेऊन परत दिली, म्हणाला मशीनचं हेड खराब होईल आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटलाही ती लागेल. त्याचं बरोबरच होतं. मग सांगलीत एक गृहस्थ मिळाले, त्यांनी कॅसेट उघडली, फीत हळूहळू मऊ कापडावरून फिरवून पुसली, दुसऱ्या चांगल्या डबीत घातली. मग ती उतरवायची. त्यात घाई चालत नाही, तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. मी तिथे बाकड्यावर बसून राहिलो. हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसत होत्या, त्या घरी आल्यावर कोडीच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये डीइंटरलेस, म्हणजे त्या रेघा पुसणारी सोय, लावल्यावर गेल्या.

बुरशी येणारच होती. पोफळीच्या वीजकेंद्राची ती क्वार्टर आठवते का तुला? नसेल. जूनपासून भिंतीला हात लावला की ओला व्हायचा. चपला हिरव्या, पापड मऊ, आई तुझी लंगोटं शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवायची. लाइट गेले की तू मला विचारायचीस, "बाबा, तुम्ही बंद केले?" तुला वाटायचं अख्खी कोयना माझ्या हातात आहे. आणि पाऊस चढला की तुझी छाती वाजायची. रात्री जीपमधून चिपळूणला न्यायचो, आईच्या मांडीवर तू, तोंडाला तो वाफेचा मास्क. बाळदमा आहे, मोठी झाली की जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यावर थांबलो नाही. आमच्या वीज बोर्डाचे तीन तुकडे झाले त्याच वर्षी, २००५ ला, बदली मागून घेतली आणि कुंभार्ली घाट चढून कोरड्या हवेत आलो. पगारात फरक पडला होता, आईला विचार. तेव्हा छाती वाजायची थांबली ती अजूनपर्यंत.

कॅसेटमध्ये पाळण्याभोवती सगळ्या बायका आहेत. आजी मधोमध. कुमुदआत्या तुझ्या कानात नाव सांगते, मग कुर्रर्र होतं आणि तिच्या पाठीत धपाटे बसतात. मग कॅमेरा पेढ्यांच्या ताटाकडे वळतो आणि आवाजात मागून खोकला येतो. बराच वेळ येतो. एक बाई म्हणते, "कुमुद, पाणी पी." ती म्हणते, "काही नाही गं, हवा बदलली." हे बघताना आई उठून स्वयंपाकघरात गेली. पुढचं तुला माहीत आहे.

म्हणून मी फोनवर तसा वागतो.

आपल्याकडे आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच लिहिलेलं असतं, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर तपासून घ्या. तुमची तिकडची सरकारी आरोग्य सेवा, एनएचएस, तीन आठवडे म्हणते. तुझा दोन्हींच्या पलीकडे गेलाय. व्हिसासाठी मुंबईत छातीचा एक्स-रे काढला होता, तो स्वच्छ होता, हे तू मला सुनावू नकोस, तो त्या दिवसाचा होता. दवाखान्याचे म्हणून वर्षाला ७७६ पौंड आपण आधीच भरून बसलोय. वेल्समध्ये औषधाच्या चिठ्ठीला पैसे पडत नाहीत, हेही वाचलं. मग अडतंय कुठे? जीपीकडे, म्हणजे तिथल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवलंयस की नाही, एवढं खरं सांग. लहानपणी छाती वाजायची हे त्यांना आपण होऊन सांग, ते विचारणार नाहीत. तुझ्या अभ्यासाच्या मध्ये मला यायचं नाही. प्रोजेक्टला मार्क किती पडले ते मी शेजारच्या काकांना चार वेळा ऐकवलेत, आता ते गेट बदलून जातात.

बारशाची फाइल तुझ्यासाठी लहान करून ठेवलीय, लिंक नंदूकाकाचा मुलगा पाठवेल. हार्डडिस्क अजून एफएटी ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे, चार जीबीच्या वरची फाइल घेत नाही. नव्याने फॉरमॅट करताना एक्सएफएटी करू की ईएक्सटी४, ते कळव.

तुझे,
बाबा

ता. क. आई म्हणते, तिची भजनं उघडायला फार आत जावं लागतं, ती पहिल्याच पानावर आली पाहिजेत. कसं करायचं ते लिही. पण डॉक्टरकडे जाऊन आल्यावर लिही, आधी नको. तोवर आई खोळंबेल आणि रोज मला विचारेल, ते मी बघून घेतो.