धडगावला निघालेल्या लेकीस

चि. मेघनास,
अनेक आशीर्वाद.

धडगावच्या शाळांमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घ्यायचं काम तुला मिळालं, फार आनंद झाला. पण फोनवर तू म्हणालीस, "आई, प्रश्न मराठीतच आहेत, मग अडचण कसली?" ते मनातून जात नाही, म्हणून लिहिते आहे. तिथल्या पाड्यांवर घरोघरी पावरी बोलतात. मराठीशी त्या पोरांची खरी गाठ पडते ती शाळेतच.

१९७० साली कॅलिफोर्नियात डायना नावाच्या मुलीचा खटला झाला. नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलांना इंग्रजी चाचणीवरून मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गात घातलं होतं. घरची भाषा स्पॅनिश. स्पॅनिशमध्येही उत्तरं द्यायची मुभा देऊन पुन्हा चाचणी घेतली, तर बुद्ध्यांक सरासरी १५ गुणांनी चढला आणि नऊपैकी सात मुलं त्या वर्गाच्या मर्यादेच्या वर गेली. पोरं तीच, डोकीही तीच! त्या वर्गात त्यांची जी वर्षं गेली ती कोण भरून देणार? शेवटी तडजोड झाली आणि चाचणी घरच्या भाषेत घ्यायचं राज्याला मान्य करावं लागलं. तिथे इंग्रजीने जे केलं, ते धडगावात आपली मराठी करू शकते, मेघना. मला भीती वाटते ती याचीच.

चित्रांच्या चाचणीने हे सुटेल असंही समजू नकोस. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने इंग्रजी न येणाऱ्यांसाठी 'आर्मी बीटा' काढली होती. चित्रात काय राहून गेलंय ते ओळखायचं. टेनिसच्या मैदानावर जाळी नव्हती, फोनोग्राफला कर्णा नव्हता. खेड्यातून नुकत्याच आलेल्या स्थलांतरिताने टेनिस कुठे पाहिलेलं असणार? आणि रेव्हनची चाचणी घे, तिच्यात शब्दच नाहीत, नुसत्या आकृत्यांची कोडी. नेदरलँड्समध्ये सैन्यभरतीच्या तरुणांचा तिच्यातला बुद्ध्यांक १९५२ ते १९८२ दरम्यान सुमारे २० गुणांनी वाढल्याचं संशोधक जेम्स फ्लिन यांनी दाखवलं. एका पिढीत रक्त बदलत नाही. शाळा बदलते, खाणंपिणं बदलतं, असली कोडी सोडवायची सवय लागते.

चाचण्याच नकोत असं मी म्हणत नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत मिळावी म्हणून. अशी मदत खरोखर लागणारं पोर तुलाही भेटेल आणि त्याला ती तुझ्यामुळेच मिळेल.

पावरी बोलणारी एखादी अंगणवाडीताई सोबत घे. चाचणी कोणत्या भाषेत झाली, मध्ये दुभाषी होतं का, तिची मानकं, म्हणजे तुलनेचे गुण, कुठल्या मुलांवर ठरवली, हे अहवालात आकड्याशेजारीच लिही. बुद्ध्यांक ७० च्या, म्हणजे बौद्धिक अक्षमतेच्या नेहमीच्या रेषेच्या, खाली आला, तर सही करण्याआधी घरी जाऊन ये. पोर गुरं वळतं का, बाजारात सुट्या पैशांचा हिशेब जमतो का, धाकट्याला सांभाळतं का, हे आईबापांना विचार. नुसत्या आकड्यावरून बौद्धिक अक्षमतेचं निदान करायचं नसतं, हे तू शिकलीच आहेस. वर साहेबांना घाई असली तरी त्यासाठी वेळ मागून घे.

तुझी,
आई