दिवाळीच्या सुट्टीत प्राणिसंग्रहालयात जाताना

महोदय,
दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून मुलांना घेऊन राणीची बाग किंवा कात्रजला जाणारे पुष्कळ. दोन्ही ठिकाणी बुधवारी सुट्टी असते, तेवढा वार टाळावा. राणीच्या बागेसाठी सकाळची पंचवटी एक्स्प्रेस सोयीची. दादरला उतरून लोकलने भायखळा गाठता येते.

ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी वाघ, अस्वल सावली धरून पडतात, पाणघोड्याच्या फक्त नाकपुड्या नि कान दिसतात. म्हणून सकाळी आधी मोठे प्राणी पाहावेत आणि ऐन उन्हात थंड दालनातले पेंग्विन. झोपलेल्या वाघाला उठवायला काच बडवू नये. माकडाने दात विचकले तर ते हसत नसते, घाबरलेले किंवा चिडलेले असते, मागे सरकावे.

सगळ्यात कळकळीचे सांगणे खाऊबद्दल. हरणे, सांबर रवंथ करणारे प्राणी. त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव चारा पचवायला सरावलेले असतात. पाव, बिस्किटे, शिळी चपाती जास्त गेली की पिठूळ अन्न झपाट्याने आंबते, आम्ल वाढते, रवंथ थांबते आणि जनावर दगावूही शकते. वेफर्सची रिकामी पिशवी तर मिठाच्या चवीमुळे चाटता चाटता गिळली जाते आणि पोटातच अडकून राहते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार प्राण्यांना डिवचणे आणि खायला घालणे गुन्हा आहे.

चिवडा, चकलीचा डबा प्राणी पाहून झाल्यावरच उघडावा आणि रिकाम्या पिशव्या परत आणाव्यात.

– एक वाचक, नाशिक रोड