बेळगावातली जोडीची भटकंती

महोदय,

सुट्टी लागली की गोवा किंवा आंबोली गाठायची, असा आपल्याकडे जणू रिवाजच पडला आहे. निवृत्तीनंतर मी व माझी पत्नी मात्र दर शनिवारी-रविवारी बेळगाव शहरातलेच एखादे ठिकाण निवडून, घड्याळाकडे न पाहता फिरतो. पहिल्याच फेरीत आम्ही किल्ल्यातील कमल बस्तीपाशी दोन तास रमलो. रट्ट राजवटीत १२०४ साली उभारलेल्या या जैन मंदिराच्या छतावरील कोरीव कमळ मान वर करून पाहताना, ज्या रस्त्याने मी इतकी वर्षे नोकरीला गेलो त्याच्या इतक्या जवळ हे असूनही आपण कधी आत डोकावलो नाही, याची खंत वाटली (पत्नीने ती दोनदा बोलूनही दाखवली). पुढे कपिलेश्वर मंदिर, शहापूरच्या गल्ल्या, कॅम्पातील जुने बंगले असे सावकाश पाहून झाले; परतताना पावशेर कुंदा हा ठरलेलाच.

अडचण आहे ती बाजारपेठेत. खडे बाजारातून गणपत गल्लीकडे जाताना रस्त्याच्या कडा दुचाकींनी इतक्या व्यापलेल्या असतात की, जोडीने निघालेल्यांनाही एकामागून एक चालावे लागते आणि बोलणे मागे वळून ओरडून करावे लागते. शनिवारी व रविवारी संध्याकाळी निदान दोन तास तेथे वाहने उभी करण्यास मनाई करावी, ही संबंधितांना विनंती.

– एक ज्येष्ठ नागरिक, टिळकवाडी, बेळगाव